मुगसैलचं कुंपण ओलांडू नका, मेसेज काहीही म्हणो

“सलाला म्हणजे आखातातलं कोकण! जुलैत जा, हे सगळं कराच!” असा ओमानमधल्या सलाला शहराबद्दलचा एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. माझी धाकटी बहीण शारजात असते. तिने तो मला पाठवला, वर लिहिलं, “दादा, मुलांना घेऊन गाडीने निघतोय, यातलं सगळं करणार.” सगळं? मग मलाही उत्तर सविस्तरच द्यायला हवं.

सर्वांत भयंकर मुद्दा आधी घेतो, सलालाजवळच्या मुगसैल किनाऱ्याचा. “मुगसैलला कुंपणापलीकडे खडकावर उतरा, लाट अंगावर घ्या, फोटो जबरदस्त येतात.” 2022 च्या जुलैत तिथे काय झालं हे लिहिणाऱ्याला माहीत नसेल, तर त्याने तोंड बंद ठेवावं. लाटेने आठ जणांना ओढून नेलं, त्यातले तिघेच लगेच वाचवता आले. ही माणसं सुरक्षेचं कुंपण ओलांडून गेली होती, असं ओमानच्या नागरी संरक्षण यंत्रणेने तेव्हाच जाहीर केलं होतं. वाहून गेलेल्यांत लहान मुलं होती, महाराष्ट्रातल्या कुटुंबातली. त्याचा व्हिडिओ आपल्याकडे घरोघर पाहिला गेला. आणि आता पुन्हा तेच “फोटो जबरदस्त येतात”!

मुगसैलला बघण्यासारखं जे आहे ते कुंपणाच्या अलीकडूनच नीट दिसतं. लाट खडकाखालच्या पोकळीत घुसते आणि वरच्या भोकांतून पाण्याचा फवारा उसळतो. त्या भोकांवर जाळ्या बसवल्या आहेत, त्या काही शोभेसाठी नाहीत.

याच मुद्द्याला जोडून “हिरवे डोंगर आणि समुद्रस्नान एकाच ट्रिपमध्ये” असंही म्हटलंय. हे जमणारच नाही. धोफारच्या, म्हणजे सलाला ज्या प्रांतात आहे त्याच्या, किनाऱ्यावर जूनच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत, म्हणजे खरीफच्या (तिथल्या पावसाळ्याच्या) हंगामात, नैर्ऋत्य मोसमी वारा वाहतो. आपल्याकडे पाऊस आणणारा तोच हा वारा. तो किनाऱ्याजवळचं वरचं पाणी बाहेर लोटतो आणि खालचं गार पाणी वर येतं. त्या पाण्यावरून येणारी दमट हवा गारठते, धुकं होतं, डोंगर ते अडवतात आणि हिरवे होतात. म्हणजे ज्याने डोंगर हिरवे केले त्यानेच समुद्र खवळवलाय. नारळी पौर्णिमेआधी आपला कोळी होडी लोटत नाही, आणि आपण मुलांना घेऊन धोफारच्या लाटांत उतरायचं?

“कोकणासारखा धो धो पाऊस” हेही खोटं. तिथे झिमझिम असते आणि धुकं. मात्र बाकी आखात चाळिशीपार भाजत असताना इथे हवा पंचविशीच्या आसपास असते, हे मान्य करावं लागेल. पण तेवढ्यावरून “मस्कतही तेव्हा गार” असं ठोकून दिलंय. मस्कत सलालापासून हजारेक किलोमीटर दूर आहे. खरीफ तिथे पोचत नाही, जुलैत ते तापलेलंच असतं.

गाडीने “एका दिवसात आरामात” म्हणे! शारजाहून ते बाराशे किलोमीटरच्या आसपास पडतं, बहुतेक सपाट वाळवंटातून. रात्री रस्त्यावर उंट येतात. सलालाआधीच्या थुमरैत गावानंतर घाट उतरताना धुकं इतकं दाट असतं की पुढची गाडी दिसत नाही. मध्ये मुक्काम करा.

“ऊद म्हणजे लोबानाची झाडं पावसात हिरव्यागार डोंगरावर पाहा.” ऊद वेगळा, लोबान वेगळा: आखातात ऊद म्हणजे अगरूचं सुगंधी लाकूड, लोबान म्हणजे झाडाचा सुगंधी डिंक. आणि लोबानाची झाडं वाढतात ती डोंगरापलीकडे, धुकं जिथे विरतं त्या कोरड्या भागात. वादी दौका हे लोबानाच्या झाडांचं खोरं त्यासाठीच 2000 साली जागतिक वारसा यादीत गेलं. खोर रोरी आणि अल बलीद ही लोबान निर्यात करणारी जुनी बंदरंही त्याच यादीत आहेत. मेसेजमध्ये त्यांचा उल्लेखसुद्धा नाही.

“सगळे हिंदी बोलतात” हे अर्धं खरं. सलाला शहरात दुकानदार, ड्रायव्हर, हॉटेलवाले यांच्यात मल्याळी भरपूर, हिंदीवर निभावतं. डोंगरात मात्र लोकांची स्वतःची जब्बाली भाषा आहे, अरबीहून वेगळी. तिथल्या बायकांचे फोटो न विचारता काढू नका.

बीचवर बिअर? उघड्यावर पिणं गुन्हा आहे, पुढे बोलायलाच नको.

“भारतीयांना व्हिसा लागत नाही” हे सरसकट तर मुळीच नाही. काही देशांचा वैध व्हिसा असलेल्यांना सूट आहे, आखातात राहणाऱ्यांचे नियम वेगळे. रॉयल ओमान पोलिसांच्या ई-व्हिसा संकेतस्थळावर पाहून घ्या.

बहिणीला सांगितलंय, पोहायचंच असेल तर नोव्हेंबरात जा. डोंगर तेव्हा पिवळे पडलेले असतील.