व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ओळीवर अख्खा संसार

डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. लांबलं तर लांबू दे.

समोरच्या बिल्डिंगमधलं कुटुंब बंगळूरला राहायला निघालंय. नवरा, बायको, आठवीत जाणारी मुलगी. सामान परवा गेलं, माणसं काल रात्रीच्या बसनं. आज दुपारी त्याचा फोन आला. ट्रक बंगळूरच्या अलीकडं नेलमंगलाला उभा आहे आणि ड्रायव्हर म्हणतोय, आणखी १४ हजार टाका, मगच गाडी आत येईल. ठरले होते २८ हजार. ठरले कशावर? तर व्हॉट्सअ‍ॅपवर. 'टू बीएचके, सांगली ते बंगळूर, २८ हजार, सगळं धरून.' त्याखाली ह्याचा अंगठा. झाला करार.

आणि माणूस अडाणी नाही ओ. कुपवाड एमआयडीसीत एका कारखान्याची खरेदी बघायचा. तिथं चार नटबोल्ट घ्यायचे तरी तीन कोटेशनं मागवणारा माणूस. मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून बघणारी आपण माणसं, आणि घरातलं सोनं सोडून बाकी सगळं ज्या गाडीत चढवतो तिचा नंबरसुद्धा लिहून घेत नाही!

त्या १४ हजारांची फोड ऐका. 'सामान जास्त निघालं' ५ हजार. 'मोठी गाडी दिवसा शहरात सोडत नाहीत, दोन छोटे हत्ती, म्हणजे छोटे टेम्पो, करावे लागतील' ६ हजार. 'कर्नाटकाचा एंट्री टॅक्स' ३ हजार.

शेवटच्यापासून घेतो, कारण ती शुद्ध थाप आहे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हाच जकात आणि एंट्री टॅक्स गेले. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिलसुद्धा लागत नाही, नियमातच सूट आहे. गाडीचं परमिट, टॅक्स, टोल हे गाडीवाल्याचं. कर्नाटकाच्या हद्दीवर कोगनोळीला कुणी अडवलंच तर गाडीत एवढंच पाहिजे: बिल्टी (वाहतूकदाराची मालाची पावती), सामानाची यादी, 'हे माझं वापरलेलं घरगुती सामान आहे, विक्रीसाठी नाही' असं सही केलेलं पत्र आणि आधारची झेरॉक्स. चार कागद.

छोट्या हत्तीचं खरं आहे, मान्य. मोठ्या शहरात दिवसा जड गाड्यांना बंदी असते. पण ही बंदी काय काल रात्री लागली? मूव्हरला, म्हणजे सामान हलवून देणाऱ्याला, ती माहीत असते, म्हणून तर तो आधी बोलत नाही. तुम्ही विचारायचं. गाडी किती फुटी, दारापर्यंत जाणार का, नाही गेली तर छोट्या गाडीचे पैसे कुणाचे, रात्रीपर्यंत थांबावं लागलं तर हॉल्टिंग किती, कितवा मजला, लिफ्ट आहे का, गेटपासून लिफ्टपर्यंत सामान किती लांब वाहायचं. आणि तिकडच्या सोसायटीला विचारायचं की सामान चढवायला कोणत्या वेळा, रविवारी चालतं का, लिफ्टचे वेगळे पैसे आहेत का. दोन फोनचं काम आहे. हे सगळं कोटेशनवर लिहून, शिक्क्यासकट.

आता 'सामान जास्त'. कुणी घरी येऊन न बघता फोनवर भाव सांगितला की समजायचं, हे वाक्य पुढं येणारच. हे मोजता येतं. १४ फुटी गाडी म्हणजे साधारण १४ गुणिले ६ गुणिले ६, ५०४ घनफूट. १७ फुटी, ६ रुंद, ७ उंच धरली तर ७१४. पाचवा हिस्सा फटीत आणि पॅकिंगमध्ये जातो, म्हणजे १४ फुटीत कामाचे ४००. टेप घ्या, प्रत्येक वस्तूची लांबी-रुंदी-उंची मोजा, गुणा, बेरीज करा. एका संध्याकाळचं काम. माळ्यावरचं, बाल्कनीतलं आणि कॉटखालचं विसरू नका, भांडण नेहमी त्याच्यावरूनच होतं.

मोजलं की दुसरंही एक कळतं. समजा भाडं ३६ हजार, जागा ४०० घनफूट. म्हणजे घनफुटाला ९० रुपये. तीन माणसांचा सोफा साडेसहा बाय तीन बाय तीन, ५८ घनफूट. त्याला न्यायला ५ हजारांवर पैसे. दहा वर्षं बसून खड्डा पडलेल्या त्या सोफ्याला इथं जुन्या बाजारात कुणी ३ हजार देणार नाही. विका. लोखंडी कपाट २९ घनफूट, २६०० रुपये पडतात. ते न्या, तेवढ्यात नवं येत नाही आणि आत कपडे भरून जातात. पोकळ वस्तू रिकामी चढवली म्हणजे हवेचं भाडं भरलं. इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी पन्नास-साठ किलोची, आत अ‍ॅसिड, आडवी झाली की शेजारचं सामान गेलं. इथंच विका, तिकडं नवी घ्या.

समोरच्यांच्या आजी पत्र्याच्या कोठीसाठी अडून बसल्या होत्या. लग्नातली कोठी. २ बाय २ बाय ३, १२ घनफूट, हजारभर रुपये. सून म्हणाली, बंगळूरला कोण शाळूचं वर्षाचं धान्य भरतंय. हिशोबात ती बरोबर आहे. तरी मी म्हणालो, जाऊ दे, चढवा. सगळंच घनफुटात मोजायचं नसतं. शाळू भरूनच चढवा म्हणजे झालं.

पॅकिंगचं थोडक्यात. पुस्तकं छोट्या खोक्यात, खोकं २० किलोच्या वर नको, नाहीतर तळ सुटतो. ताटल्या उभ्या लावायच्या, आडव्या रचल्या की खालची पिचते. फ्रिज आदल्या दिवशी बंद, बर्फ वितळवून, उभाच न्यायचा, आणि पोचल्यावर चार-सहा तास तसाच ठेवून मग सुरू करायचा. आडवा नेला तर कॉम्प्रेसरचं तेल पाइपात चढतं. फ्रंट लोड वॉशिंग मशीनच्या मागं वाहतुकीचे बोल्ट असतात, मशीन आलं तेव्हा काढून तुम्ही कुठंतरी ठेवलेत. शोधा. ते न लावता मशीन हलवलं तर ड्रम हादरून सस्पेन्शन जातं, आणि हे विमावाला देत नाही.

विमा म्हटलं की माझं परत तापतं. मूव्हर तीन टक्के लावतो. सामान ४ लाखांचं दाखवलंत की १२ हजार. लोकांना वाटतं विमा झाला. पॉलिसी मागा! तुमच्या नावानं विमा कंपनीचा कागद आहे का? बऱ्याचदा नसतो. बिल्टीवर 'ओनर्स रिस्क' (नुकसान झालं तर मालकाचं) शिक्का असतो आणि ते १२ हजार मूव्हरच्या खिशात. कागद असला तर वाचा: फक्त गाडीला अपघात झाला तरच पैसे, की चढवता-उतरवताना फुटलं तरी? काही हरवलं, मोडलं तर डिलिव्हरीच्या कागदावर सही करतानाच तसं लिहायचं, फोटो काढायचे, आणि वाहतूकदाराला लेखी नोटीस बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत द्यायची. कॅरेज बाय रोड अ‍ॅक्ट, २००७. नोटीस नाही तर दावा नाही.

मूव्हर तपासायचा कसा? जीएसटी नंबर सरकारी साइटवर टाका, नाव आणि पत्ता जुळतो का बघा. मोठ्या कंपनीच्या नावात एक अक्षर इकडंतिकडं करून धंदा करणारे ढिगानं आहेत. अ‍ॅडव्हान्स थोडाच, तो कंपनीच्या खात्यावर, कुणाच्या वैयक्तिक नंबरवर नाही. गाडी भरली की ड्रायव्हरचं लायसन्स, गाडी नंबर, बिल्टीचा फोटो. सगळे मूव्हर चोर नसतात, ठीक आहे. चांगले आहेत, ते महाग असतात आणि कागद न मागता देतात.

हमालांवर मात्र राग काढू नका. मजले चढून फ्रिज नेणाऱ्याला त्या १४ हजारांतलं काही मिळत नसतं. चहा-नाश्ता द्या, वर हातावर काही ठेवा, बजेटात धरा.

बजेट! समोरच्याचं बजेट म्हणजे ते २८ हजार. बंगळूरचं २५ हजार भाड्याचं घर घ्या. डिपॉझिट पूर्वी दहा महिन्यांचं मागायचे, आता पाच-सहावर आलंय. पाच धरा, १ लाख २५ हजार. दलाल एक महिना, २५. पहिलं भाडं, २५. झाले पावणेदोन लाख. त्यावर गाडी, मघाशी धरलेले ३६ हजार. गाडी ह्या सगळ्याच्या सहाव्या हिश्श्याएवढी. शिवाय शाळेची फी, एसी काढून-बसवून गॅस भरणं, पडदे, गीझर, आणि दोन्हीकडचं भाडं एका महिन्यासाठी डोक्यावर. घर सोडताना रंगाचे म्हणून महिन्याचं भाडं कापायची तिकडं रीत आहे, करारात बघून घ्या. नव्या नोकरीचा पहिला पगार यायला महिना जातो. तीन लाख हाताशी नसतील तर आधी एकट्यानं जा, पीजीत राहा, कुटुंब मागाहून न्या. आपल्या खानापूर-आटपाडीची गलाईवाली (सोनं-चांदी गाळणारी) माणसं पार केरळ-तामिळनाडूपर्यंत गेली, ती काय एका रात्रीत ट्रक भरून गेली? आधी एक माणूस, ओळखीच्याच्या दुकानात. जागा जमली की संसार.

आत्ता लिहितालिहिता फोन आला. ९ हजारांवर मिटवलं म्हणे. पावती नाही. पोरगी रिकाम्या फ्लॅटमध्ये फरशीवर चादर टाकून झोपलीय. काय बोलणार? जेवा म्हटलं आधी.

त्या पोरीवरूनच सांगतो, ह्याचा विचार तर कुणीच करत नाही. मुलगी आठवीत. डॉक्टर व्हायचंय म्हणते. मेडिकलच्या जागांत महाराष्ट्राच्या ८५ टक्के राज्य कोट्याला साधारणपणे इथलं डोमिसाइल आणि दहावी-बारावी इथूनच लागते. कर्नाटकाच्या कोट्याला साधारण नियम असा, की पहिली ते बारावीत सात वर्षं तिथं शिकलेलं पाहिजे. आठवी ते बारावी होतात पाच. ना इकडची ना तिकडची. अपवाद आहेत, ते ज्याचे त्यानं वाचावेत. पण आई-बापानं घर शोधायच्या आधी हे बघायचं की नाही? जातीच्या दाखल्याचंही तसंच, दुसऱ्या राज्यात गेलात म्हणून तिथल्या आरक्षणाचा लाभ मिळत नाही, तो मूळ राज्यातच राहतो. शाळा सोडल्याचा दाखला राज्याबाहेर न्यायचा तर त्यावर जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी घ्या. दहावी-बारावी झालेल्यांना मायग्रेशन सर्टिफिकेट बोर्डाचं, आपल्याला कोल्हापूर विभाग. हे निघायच्या आधी, नंतर सांगलीची फेरी तिकडच्या रजेवर पडते.

स्वतःची गाडी नेणार असाल तर सांगलीच्या एमएच-१० नंबरवर १२ महिने चालतं, पुढं तिकडचा नंबर घ्यायचा. तिकडचे पोलीस आधीच अडवतात ही तक्रार खरी, म्हणून शिफ्ट झाल्याची तारीख दाखवणारा कागद गाडीत ठेवा. आधी थकलेली चलनं भरा, कर्ज असेल तर बँकेचं पत्र, मग फॉर्म २८ वर आरटीओची एनओसी. तिकडं उरलेल्या वर्षांचा टॅक्स आधी भरायचा, इकडचा परतावा नंतर मागायचा. तो परतावा बजेटात जमेला धरू नका, येईल तेव्हा येईल. कंपनीची ४ किंवा जास्त राज्यांत ऑफिसं असतील तर बीएच नंबरचं (राज्य बदललं तरी तोच चालतो) बघा.

गॅस सिलिंडर ट्रकमध्ये चढवायचा नाही. सिलिंडर-रेग्युलेटर एजन्सीत जमा करून टर्मिनेशन व्हाउचर घ्या. परत मिळतं ते जुन्या कागदावरचं डिपॉझिट, आणि तिकडं भरायचं आजचं, मोठ्या सिलिंडरला २०२२ पासून २२०० रुपये. मतदार यादीला फॉर्म ८. रेशन कार्ड रद्द करायची घाई नको, देशात कुठंही धान्य उचलता येतं.

तारीख महिनाअखेर आणि मे महिना सोडून घ्या. आणि जुलैअखेर ते ऑगस्ट तर नकोच. २०१९ ला कोल्हापूरजवळ शिरोलीला महामार्गावर पाणी आलं तेव्हा ट्रक किती दिवस उभे होते ते आठवा.

सामानाच्या यादीचा कोरा नमुना हवा असेल त्यांनी इनबॉक्स करा. 'चांगला मूव्हर कोण' हे मात्र विचारू नका. मी स्वतः ट्रान्सपोर्ट लाइनीत आहे, ज्याचं नाव घेईन तो माझा माणूस ठरेल. तीन कोटेशनं आणा, घरी येऊन सामान बघून दिलेली. ती वाचून कुठं काय लिहायचं राहिलंय ते सांगतो, फुकट.