मेहुणे कुठे उभे आहेत?

डोळे मिटून लांबचं बघणं अवघड नाही. कोणालाही काही ना काही दिसतंच. खरं कसब लागतं ते नंतर, दिसलेलं बरोबर निघालं हे ठरवताना. रिमोट व्ह्यूइंग, म्हणजे बसल्या जागी मनाने दूरचं बघण्याची ही विद्या, शिकणारे बहुतेक लोक इथेच मार खातात. ध्यान, श्वास, कोरे कागद, पेन्सिल सगळं मन लावून करतात आणि निकाल लावायची वेळ आली की नको तेवढे प्रामाणिक होतात. एवढी एक खोड सोडलीत, तर इंदूरला राजेंद्रनगरातल्या दोन खोल्यांत बसून तुम्हाला गुरूसुद्धा दिसेल.

गुरू म्हणजे ग्रह. थट्टा नाही. १९७३ साली इंगो स्वान नावाच्या अमेरिकन चित्रकाराने कॅलिफोर्नियात बसून गुरू पाहिला आणि त्याच्याभोवती कडं दिसतंय असं सांगितलं. पुढे १९७९ मध्ये व्हॉयेजर यानाला गुरूभोवती खरोखरच एक विरळ कडं सापडलं. त्याच बैठकीत स्वानला गुरूवर प्रचंड उंच डोंगरही दिसले होते. गुरू हा वायूचा गोळा, डोंगराने उभं राहायचं कशावर? पण आज पन्नास वर्षांनी लोक कड्याची गोष्ट सांगतात, डोंगरांचा विषय कोणी काढत नाही. तुम्हीही काढू नका.

आता पद्धत. मेन्लो पार्कच्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये हॅरल्ड पुटहॉफ आणि रसेल टार्ग या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी ती बसवली. ठिकाणांची बंद पाकिटं करायची, एकाने त्यातलं एक उचलून तिथे जाऊन उभं राहायचं, आणि त्याच वेळी दुसऱ्याने खोलीत बसून तो कुठे आहे याचं वर्णन करायचं. घरच्या घरी हे सहज जमतं. राजवाडा, गांधी हॉल, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, खजराना गणपती आणि सिरपूर तलाव अशी पाच पाकिटं करा आणि रविवारी सकाळी मेहुण्यांना स्कूटरवर पाठवा. सकाळीच का, तर पोहे खायला मिळणार म्हटल्यावर ते कुरकुर करत नाहीत.

तुम्ही पंखा बंद करून बसा. बायकोला वही घेऊन शेजारी बसवा, तिने अधूनमधून फक्त “आता काय दिसतंय?” एवढंच विचारायचं. तुम्ही सांगायचं: वर गेलेलं काहीतरी. कुठेतरी गोलाई. माणसांची ये-जा. थोडं जुनं, थोडं नवं. आवाज आहेत, पण मधेच शांतही वाटतंय. पिवळसर रंग. काहीतरी गरम.

हे वर्णन पाचही पाकिटांना लागू पडतं. राजवाड्याला सात मजले आहेत, गांधी हॉलला घड्याळाचा मनोरा आहे, छत्र्यांना शिखरं आहेत, खजरान्याला कळस. सिरपूरला वर काय गेलंय असं कोणी विचारलं तर पक्षी आहेत. पिवळसर आणि गरम हे तर कधीच गाळू नका. इंदुरात सकाळी कुठेही उभं राहा, नजरेच्या टप्प्यात एक पोह्यांची गाडी असते. खाली उकळतं पाणी, वर परातीत पोह्यांचा पिवळा डोंगर वाफेवर ऊन राहिलेला, गाडीवाला एका हाताने कांदा-शेव घालतोय, दुसऱ्याने डबीतून जिरावन मसाला भुरभुरतोय, आणि वर बडीशेपेचा तो वास. या शहरात हे न दिसणारा माणूस मला तर दूरदृष्टीचा सोडा, जवळच्या दृष्टीचाही वाटत नाही.

ठिकाणाचं नाव कधी घेऊ नका. हा नियम खऱ्या प्रशिक्षणातही आहे. रंग, आकार, वास, पोत एवढंच सांगायचं. मन जे नाव पुढे करतं ती बुद्धीची लुडबूड समजून बाजूला लिहून ठेवायची. ही सोय कोणी शोधली त्याला नारळच द्यायला हवा. समासात बारीक अक्षरात “राजवाडा?” असं लिहून ठेवा. मेहुणे राजवाड्यालाच गेलेले निघाले, तर त्याभोवती लाल पेनाने गोल करा. नसतील गेले, तर ती लुडबूड होती.

आणि बोलता बोलता “हे कालच्या तळ्यासारखं नाही हं” असं एखादं वाक्य टाकत जा. कुठलं वर्णन कुठल्या जागेचं हे जुळवून तपासणाऱ्याला त्यावरून आपोआप कळतं की हे सेशन दुसऱ्या दिवसाचं आणि आदल्या दिवशी तळं होतं. मेन्लो पार्कच्या टिपणांत अशाच खुणा राहून गेल्या होत्या. न्यूझीलंडच्या डेव्हिड मार्क्स आणि रिचर्ड कामन या दोन मानसशास्त्रज्ञांनी त्या हुडकून १९७८ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानाच्या साप्ताहिकात छापल्या. जागा न बघता, नुसत्या त्या खुणांवरून टिपणं ठिकाणांशी जुळवता येतात, हे मार्क्सने करून दाखवलं. तुमच्याकडे ‘नेचर’ येत नाही. काळजी नसावी.

निकालाची एक अधिकृत रीत आहे. ती ओळखून ठेवा म्हणजे चुकून वापरली जाणार नाही. तुमचा कागद आणि पाचही जागांचे फोटो अशा तिसऱ्या माणसाला द्यायचे, ज्याला मेहुणे कुठे गेले होते हे ठाऊक नाही. तो वर्णन वाचून फोटोंना पहिला ते पाचवा क्रम लावणार. खरी जागा पहिली आली तर जमलं. यात नुसत्या नशिबाने पाचातून एकदा पहिला नंबर लागतोच, म्हणजे दहा सेशनमध्ये सरासरी दोनदा. किती सेशन करायची हे आधीच कागदावर लिहून ठेवायचं, मधेच थांबायचं नाही, फसलेलं फेकायचं नाही. बघा, आनंद कुठे आहे यात? शेजारी एखादे निवृत्त गणिताचे सर असतील तर ते हाच आग्रह धरतील. त्यांना चहाला बोलवा, सेशनला नको.

त्यांच्या गणितातली एक गोष्ट मात्र उचलण्यासारखी आहे. दहापैकी चार किंवा जास्त पहिले नंबर निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता सुमारे १२ टक्के असते. म्हणजे तुमच्या ओळखीच्या आठ जणांना हे करायला लावलं, तर त्यातल्या एकाला सरासरीने सिद्धी प्राप्त होणार. त्याला पाटावर बसवा. उरलेल्या सात जणांची श्रद्धा कमी पडली.

तुमच्यासाठी रीत वेगळी. मेहुणे परत आले, चहा झाला, की वही उघडा आणि दोघांनी मिळून गुण द्या. पट्टी ० ते ७ ची घ्या. मेन्लो पार्कवाल्यांचीही तीच होती, त्यामुळे शास्त्रीय वाटतं. मेहुणे भला माणूस असतात. तुम्ही “गोलाई?” म्हणालात की ते “घड्याळ की हो भाऊजी, मनोऱ्यावरचं!” म्हणतात. तुम्ही “वर गेलेलं?” म्हणालात की ते “तोच मनोरा!” म्हणतात. “शांत”ला “आतला हॉल” आणि “आवाज”ला “बाहेरचा रस्ता”. सहा गुण कुठेच गेले नाहीत. ज्या रविवारी दोनच मिळतील, तो सरावाचा रविवार.

कोणी फारच खोलात शिरलं तर अमेरिकेचं नाव घ्या. तिथल्या गुप्तहेर खात्याने आणि लष्कराने वीसहून अधिक वर्षं हा उद्योग चालवला, सुमारे २ कोटी डॉलर घातले. १९८४ मध्ये तर एकाला दहा लाख वर्षांपूर्वीचा मंगळ बघायला सांगितलं होतं. टार्गेट निवडावं ते असं. तिथे कोणाचे मेहुणे जाऊन येणार? शेवटी १९९५ मध्ये ‘स्टार गेट’ या नावाने चाललेलं ते काम तपासायला दोन तज्ज्ञ नेमले. संख्याशास्त्रज्ञ जेसिका अट्स म्हणाल्या, परिणाम सिद्ध झालाय. मानसशास्त्रज्ञ रे हायमन म्हणाले, झालेला नाही. आकडे दोघांपुढे तेच. हेरगिरीच्या कुठल्याही कारवाईला त्याचा आधार कधी मिळाला नाही असा अहवाल आला आणि दुकान बंद झालं. तुम्ही सांगताना अट्सबाईंपर्यंत येऊन थांबा.

एक अडचण मात्र कधीतरी येईलच. गांधी हॉलचं पाकीट निघालेलं असेल, सहा गुण पडलेले असतील, मेहुण्यांनी मनोऱ्यावरच्या घड्याळाची ग्वाही दिलेली असेल, आणि तेवढ्यात कपबशा उचलता उचलता बायको त्यांच्या फोनवरचा पेमेंटचा मेसेज वाचेल. ‘छप्पन दुकान’ या खाऊगल्लीतलं एक दुकान, वेळ बरोबर तुमच्या सेशनची.

“दादा, तू गांधी हॉलला गेला होतास ना?”

मेहुणे बशीतली जिलबी न्याहाळू लागतील. तुम्ही गडबडू नका. वहीतले सहा गुण खोडू नका. पहिलं म्हणजे, तुम्हाला जागा नाही, खिशातलं पाकीट दिसलं असं म्हणता येतं. दुसरं, ते उभे छप्पनला असले तरी मन अपराधी होऊन गांधी हॉललाच गेलेलं असणार. पण बायको वही मिटायला लागली तर या दोन्हींवर वेळ घालवू नका. या विद्येला काळाचं बंधन नाही, पुढचंही आधी दिसतं, असं शांतपणे सांगा, आणि येत्या रविवारी मेहुण्यांना आठवणीने गांधी हॉलला पाठवा.