१०,००० मिमी म्हणजे ऊब नव्हे

‘स्नोसूटवर (बर्फात घालायच्या अंगभर एकसंध पोशाखावर) १०,००० मिमी लिहिलंय ना? मग उणे वीसलाही बिनधास्त घाला,’ असा सल्ला कॅनडात नव्याने आलेल्या मैत्रिणींमध्ये फिरतोय. तो चुकीचा आहे. कापड पाण्याचा किती उंच स्तंभ न झिरपता पेलतं, एवढंच हा आकडा सांगतो. ऊब येते ती सूटच्या आतल्या भरणात अडकलेल्या हवेतून. पिसांचं भरण हलकं आणि उबदार, पण भिजलं की त्याचे गोळे होतात. कृत्रिम तंतूंचं भरण ओलसर असतानाही बरंच काम देतं. सूट अंगाला घट्ट नको, भरण दबलं की हवा गेली. टिकायला हवा असेल तर गुडघ्यांवर आणि पायांच्या खालच्या कडेला दुहेरी कापड बघा. आणि हो, मागे कमरेखाली उघडणारी चेन आहे ना? नसेल तर बाथरूममध्ये अख्खा सूट उतरवावा लागतो!