एकाच बॉक्सवर घरभर 4के: त्या फॉरवर्डमधलं काय खरं आणि काय नाही

परत तो मेसेज फिरायला लागलाय. त्यात म्हटलंय की प्रत्येक खोलीत वेगळा बॉक्स किंवा प्लेअर घेणं म्हणजे पैसे वाया, एक एचडीएमआय स्प्लिटर आणा, सगळ्या टीव्हींपर्यंत लांब केबल ओढा, सगळीकडे 4के (म्हणजे फुल एचडी, 1080पी च्या चौपट ठिपक्यांचं चित्र) दिसेल, सिग्नल डिजिटल आहे त्यामुळे क्वालिटी जराही कमी होत नाही, केबल पुरली नाही तर लॅनच्या वायरवरून न्या, आणि वायर नकोच असेल तर वायरलेस एचडीएमआय आहे. माझ्या मावसभावाने हे वाचून भिंत फोडून 15 मीटर केबल आत टाकून घेतली आणि मग मला फोन केला. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

स्प्लिटरचं आधी, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच आहे. स्प्लिटर एकाच चित्राच्या प्रती काढतो, बस. हॉलमध्ये मॅच लागली तर बेडरूममध्येही मॅचच. दोन खोल्यांत दोन वेगळ्या गोष्टी बघायच्या असतील तर सोर्सही, म्हणजे चित्र पाठवणारे बॉक्स किंवा प्लेअरही, दोन लागतात, आणि कुठला सोर्स कुठल्या टीव्हीवर जाईल ते निवडायला मॅट्रिक्स स्विच लागतो, ती वेगळी वस्तू आहे. बरं, सारखंच चित्र चालेल म्हणालात तरी "सगळीकडे 4के" होत नाही. प्रत्येक टीव्ही सोर्सला आपली कुवत कळवत असतो, त्या माहितीला ईडीआयडी म्हणतात, आणि स्प्लिटरवर दोन टीव्ही असले की साधा स्प्लिटर बहुतेक वेळा दोघांना झेपेल तेवढंच मागतो. म्हणजे बेडरूममधला जुना टीव्ही 1080पी असेल तर हॉलमधला नवाकोरा 4के टीव्हीसुद्धा 1080पी दाखवणार. आवाजाचंही तेच, बेडरूमच्या टीव्हीला फक्त स्टिरिओ कळत असेल तर हॉलमधल्या सराउंड सिस्टिमलाही स्टिरिओच मिळतो, आणि माणूस बिचारा स्पीकर तपासत बसतो. वर एचडीसीपी नावाचं कॉपी संरक्षण आहे. बहुतेक 4के सिनेमा-सिरीजला त्याची 2.2 आवृत्ती लागते, आणि साखळीतलं एक जरी उपकरण जुनं निघालं तर सोर्स एकतर रिझोल्यूशन उतरवतो नाहीतर त्या स्क्रीनवर काळं. ज्या स्प्लिटरमध्ये प्रत्येक आउटपुटला वेगळं डाउनस्केलिंग, म्हणजे त्या त्या टीव्हीपुरतं रिझोल्यूशन उतरवायची सोय, असतं तो घेतला तर यातलं बरंच सुटतं, पण मेसेजमध्ये तो शब्दही नाही.

"डिजिटल आहे, लांबीने फरक पडत नाही." हे अर्धंच खरं आहे. चित्र हळूहळू धूसर होत नाही हे बरोबर, पण एका मर्यादेपुढे ठिपके चमकायला लागतात, स्क्रीन दोन सेकंद जाते आणि येते, मग सिग्नलच गायब. 1080पी ला सेकंदाला 60 फ्रेम असतील तर साधारण 4.46 गिगाबिट प्रति सेकंद लागतात, 4के 60 फ्रेमला पूर्ण रंगासकट जवळपास 18. त्यामुळे जी तांब्याची केबल 1080पी आरामात नेते तीच 4के ला हात टेकते, आणि 18 गिगाबिटसाठी साध्या तांब्याच्या केबलवर पाच-सात मीटरच्या पुढे मी तरी भरवसा ठेवणार नाही. लांब न्यायचंच असेल तर ऑप्टिकल एचडीएमआय घ्या, मात्र तिला दिशा असते, एक टोक सोर्सचं आणि एक टीव्हीचं, आणि भिंतीत उलटी गेली तर परत फोडाफोडी.

लॅनच्या वायरवरून नेता येतं, हे खरं आहे. पण तिथे दोन प्रकार आहेत आणि मेसेजमध्ये ते एकच समजलेत. पहिला एचडीबेसटी, तो वायर लॅनची वापरतो पण ते नेटवर्क नाही, राउटरमधून किंवा स्विचमधून जात नाही, या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग वायर हवी. त्याच्या आधीच्या आवृत्त्यांची मर्यादा 10.2 गिगाबिटची, म्हणजे 24 फ्रेमचा 4के एचडीआर (उजेड-अंधार आणि रंग जास्त खुलवणारा) सिनेमा बसतो, पण 60 फ्रेमचा एचडीआर कॉम्प्रेस केल्याशिवाय बसत नाही. खोक्यावर 4के दोन्ही बाबतीत छापलेलं असतं. दुसरा प्रकार नेटवर्कवरून जाणारे एक्स्टेंडर, ते गिगाबिट लॅनमध्ये बसवायला चित्र दाबतात, त्याने बारकावे जातात आणि गेम खेळताना उशीर जाणवतो.

वायरलेसवर फार लिहीत नाही. 60 गिगाहर्ट्झवाले किट भिंतीपलीकडे जवळजवळ जातच नाहीत, 5 गिगाहर्ट्झवाले जातात पण चित्र दाबूनच.

मेसेजमध्ये शेवटी असंही आहे की डिशची वायर साध्या स्प्लिटरने दोन बॉक्सना वाटा. नका वाटू. बॉक्स त्याच वायरवरून 13 किंवा 18 व्होल्ट पाठवून कुठलं पोलरायझेशन (लहरींची उभी की आडवी दिशा) हवं ते सांगतो, दोघांनी वेगवेगळं मागितलं की एकाचे चॅनल जातात. जास्त आउटपुट असलेला एलएनबी, म्हणजे डिशच्या पुढचा सिग्नल पकडणारा भाग, लागतो.

माझं खरं म्हणणं मात्र वेगळंच आहे. स्ट्रीमिंगचा 4के सिनेमा घरात येतो तेव्हा तो फार मोठा नसतो, नेटफ्लिक्स त्यासाठी 15 मेगाबिटचं कनेक्शन पुरे म्हणतं. बॉक्स तो उलगडतो आणि एचडीएमआयवर त्याचे हजारो मेगाबिट होतात. ही गुंडाळलेली गादी दारातच उलगडून मग जिन्यावरून वर चढवण्यातली गत झाली. गुंडाळलेलीच वर न्या ना! म्हणजे प्रत्येक टीव्हीला स्वतःचं ॲप किंवा छोटी स्टिक, आणि स्वतःकडे फाइल्स असतील तर एका कॉम्प्युटरवर जेलीफिन किंवा प्लेक्स (घरातल्या टीव्हींना आपल्या फाइल्स पुरवणारी सॉफ्टवेअर) टाका, मग प्रत्येक खोली आपल्याला हवं ते, आपल्या टीव्हीला झेपेल त्या क्वालिटीत बघेल. एक लक्षात ठेवा, बऱ्याच टीव्हींचं लॅन पोर्ट 100 मेगाबिटचंच असतं आणि 4के ब्लू-रे चा वेग 128 पर्यंत जाऊ शकतो, त्यामुळे तसली मोठी फाइल अडकत असेल तर टीव्ही चांगल्या 5 गिगाहर्ट्झ वायफायवर टाकून बघा, तो कधीकधी वायरपेक्षा बरा चालतो.

मावसभावाचं आता असं आहे की हॉलचा टीव्ही सरळ प्लेअरला, बेडरूमला स्टिक, आणि भिंतीतली 15 मीटर केबल फक्त मॅचच्या दिवशी, 1080पी वर. तेवढं ती नीट देते.