हिरवा रंग कुणाचा?

एअर शोला गेलो विमानं बघायला आणि अर्धा दिवस घालवला जीपखाली वाकून.

मी राहतो त्या इंग्लंडच्या पूर्व भागात दुसऱ्या महायुद्धातल्या धावपट्ट्या जागोजाग आहेत. काहींवर आता शेती होते, काहींवर गोदामं उभी आहेत, आणि काहींवर उन्हाळ्यातल्या एखाद्या शनिवार-रविवारी विमानांच्या कसरती होतात. अशाच एका लहान मैदानावर लेकीला घेऊन गेलो होतो. स्पिटफायर हे महायुद्धातलं लढाऊ विमान दुपारी येणार होतं. तोवर वेळ काढायचा म्हणून कुंपणाकडेला लावलेल्या हिरव्या गाड्यांच्या रांगेकडे वळलो. लष्करी वाहनांच्या एका क्लबने आपल्या गाड्या आणल्या होत्या. विलीज आणि फोर्डच्या जीप, जीएमसीचा अडीच टनी ट्रक, एक बेडफर्ड, दोन लँड रोव्हर आणि फेरेट नावाची बुटकी चिलखती गाडी. प्रत्येक गाडीशेजारी घडीची खुर्ची, थर्मास आणि मालक. गुरांच्या बाजारात खोंडाच्या पाठीवरून हात फिरवत शेतकरी उभा असतो ना, तसे हे लोक उभे होते. विकायचं मात्र कुणालाच नव्हतं.

एका जीपवाल्या आजोबांनी मला बंपरपाशी उकिडवं बसवलं आणि टॉर्च मारली. बोल्टच्या डोक्यावर इंग्रजी 'एफ' उमटवलेला. रचना विलीजची, पण युद्धाच्या काळात एकट्या विलीजला मागणी झेपेना, म्हणून फोर्डनेही तीच जीप बनवली. दोघांच्या मिळून सहा लाखांवर गाड्या झाल्या. फोर्डने स्वतःच्या भागांवर आपला 'एफ' ठोकला, बोल्टसुद्धा सोडले नाहीत. आजोबा अकरा वर्षं या गाडीचे गहाळ झालेले 'एफ'वाले बोल्ट गोळा करतायत. अजून चार मिळायचेत. कुठले चार, तेही त्यांनी एकेक करून दाखवले.

मग लेकीला ड्रायव्हरच्या जागी बसवलं. पेट्रोलची टाकी थेट सीटखाली आहे हे ऐकून ती जरा चपापली. डॅशवरचा स्विच चालू करायचा आणि जमिनीवरचं स्टार्टरचं बटण पायाने दाबायचं. तिचा पाय पोहोचेना, तेव्हा स्टिअरिंगला लोंबकळून जवळजवळ उभीच राहिली. इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं. ऐंशी वर्षांची जीप. स्पिटफायर नंतर आलं आणि गेलं, पण त्या दिवसाचं तिला एवढंच आठवतं.

हा व्हिडिओ मी मावसभावाला पाठवला आणि तिथून वादाला तोंड फुटलं.

तो नगरला असतो. आता अहिल्यानगर, पण आमच्या तोंडून नगरच येतं. त्याच्याकडे एक जुनी महिंद्रा जीप आहे. दोन वर्षांपूर्वी त्याने ती हौसेने फौजी हिरव्या रंगात रंगवली आणि तिसऱ्याच दिवशी चौकात अडवली गेली. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 121 वा नियम सांगतो की ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांनाच. जीप आता राखाडी आहे. 'उंदरासारखी दिसते,' असं तोच म्हणतो. माझा व्हिडिओ पाहून त्याने घरच्या ग्रुपवर लिहिलं, "तिकडे आजोबांना चालतं, इकडे आम्ही काय अतिरेकी?" त्यावर आमचे सुभेदार काका, जे एरवी सुप्रभातपलीकडे काही लिहीत नाहीत, चार परिच्छेद लिहिते झाले. फौजेचा रंग फौजेचाच. उद्या गल्लीतला प्रत्येक जण हिरवी जीप घेऊन टोलनाक्यावर दादागिरी करेल. शिवाय 2016 ला पठाणकोटच्या हवाई तळावर शिरलेले लोक फौजी वर्दीत होते, हे विसरलात का?

काकांचं चूक नाही. काचेवर 'आर्मी'चं स्टिकर लावून नो पार्किंगमध्ये गाडी घुसवणारे, ज्यांचा फौजेशी संबंध कँटीनच्या कार्डापुरताही नाही, असे लोक मी स्वतः पाहिलेत. मला खटकतं ते दुसरंच. आपल्याकडे लष्करी गाडीला तीनच जागा आहेत: फौजेत, भंगारात किंवा चौथऱ्यावर.

चौथऱ्यावरचा रणगाडा आपल्या कितीतरी गावांत आहे. त्याचं झाकण वेल्डिंग करून बंद केलेलं, नळीच्या तोंडाला पक्ष्यांचं घरटं, भोवती लोखंडी साखळी. रणगाडा कुठल्या लढाईत होता हे शोधून सापडत नाही, पण उद्घाटनाला कोण कोण होतं ते संगमरवरावर ठळक असतं. जहाजांचं काय झालं ते मुंबईकरांना ठाऊक आहे. 1971 च्या युद्धातली विमानवाहू विक्रांत 1997 ला निवृत्त झाली, काही वर्षं संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि 2014 ला भंगारात गेली. विराट या दुसऱ्या विमानवाहू जहाजाला सिंधुदुर्गात न्यायची योजना मंत्रिमंडळाने मंजूरही केली होती. ती गुजरातेत अलंगला, जहाजं तोडतात तिथे गेली. दर वेळी आधी भावनेचा महापूर, मग खर्च कुणी करायचा हा प्रश्न आणि शेवटी गॅस कटर.

इथे लगेच 'बघा, इंग्रज कसे जपतात' असं म्हणायचा मोह होतो. जपत नाहीत. विराट म्हणजे पूर्वीचं एचएमएस हर्मिस, 1982 च्या फॉकलंड युद्धातलं ब्रिटिश आरमाराचं ध्वजजहाज. ते परत आणायची खटपट इथल्या काही लोकांनी केली, तीही फसली. सरकार म्हणून इंग्लंडनेही हात वर केलेच. जे वाचलं ते सरकारमुळे कमी आणि बोल्ट शोधणाऱ्या माणसांमुळे जास्त. सरकारने त्यांना आडकाठी केली नाही, इतकंच. चाळीस वर्षं उलटलेल्या आणि फार फेरफार न केलेल्या गाडीला इथे रस्त्याचा कर नाही, वार्षिक तपासणीची सक्तीही नाही. पट्ट्यांवर चालणारी गाडी रस्त्यावर आणायची तर लायसन्सवर 'एच' हा वेगळा प्रवर्ग लागतो, आणि वर बंदूक असेल तर ती कायद्याने निकामी केलेली हवी. म्हणजे मोकळीक आहे, मोकाट नाही.

आपल्याकडे 2021 ला व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आले. पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'व्हीए' अक्षरांची नंबरप्लेट मिळते, नव्याने नोंदणीचे वीस हजार रुपये, आणि गाडी रोज वापरायची नाही, प्रदर्शन-रॅलीपुरतीच काढायची. चांगली सुरुवात आहे ही. पण नियम दुचाकी आणि खासगी चारचाकीपुरता. फौजेचा 'शक्तिमान' ट्रक त्यात बसत नाही. जबलपूरहून निघालेला तो ट्रक म्हणजे आमच्या लहानपणाचा आवाज होता. तो घाट चढताना दोन वळणं आधीच कळायचं. आज चालू स्थितीतला शक्तिमान आणि त्यावर हात ठेवून त्याची गोष्ट सांगणारा माणूस, हे दोन्ही एका जागी मला दाखवा.

माणसं नाहीत असं तर अजिबात नाही. नगरला आर्मर्ड कोअरचं केंद्र आहे, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं आहे, वाहनांवर संशोधन करणारी डीआरडीओची प्रयोगशाळा आहे. रणगाड्यांचं संग्रहालय 1994 पासून आहे आणि ते खरोखर बघण्यासारखं आहे. ईएमईतून, म्हणजे फौजेच्या दुरुस्ती विभागातून, हवालदार म्हणून निवृत्त झालेला आणि डोळे मिटून जोंगा या फौजी जीपचा गिअरबॉक्स उघडणारा एक तरी माणूस गावाच्या प्रत्येक भागात सापडेल. तो सध्या कुठल्या तरी एटीएमबाहेर खुर्ची टाकून बसलाय. त्याच्या हाताखाली चार कॉलेजची पोरं, एक कंडम झालेली जोंगा आणि एखादी शेड दिली, तर क्लब व्हायला आणखी काय लागतं? क्लबच्या सभासदाला ओळखपत्र, गाडीला मोठ्ठा पिवळा फलक आणि ती बाहेर काढायचे ठरलेले दिवस. एवढ्यावर हिरव्या रंगाची सवलत द्यायला हरकत नसावी. काकांना मी हे लिहिलं. त्यांनी अंगठा पाठवला. होकार की 'पुरे कर', कळलं नाही.

त्या रांगेत मला दोन गोष्टी टोचल्याही. एक म्हणजे युद्धाची झालेली सहल. एका तंबूत वाळूच्या पोत्यांमागे दोघे जण गणवेशात आरामात सँडविच खात होते आणि मुलं निकामी मशीनगनमागे वाकून फोटो काढून घेत होती. दुसरी गोष्ट जास्त खोल. फलकांवर युरोपातली रणक्षेत्रं होती, नॉर्मंडी होती, आर्नहेम होतं. त्याच जीपमधून इटलीत आणि ब्रह्मदेशात हिंडलेल्या भारतीयांचा पत्ता नव्हता. त्या युद्धात पंचवीस लाख भारतीय होते. 10 जुलै 1944 ला इटलीत टायबरच्या खोऱ्यात आपल्या रायगडचे यशवंत घाडगे एकटे मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले आणि पडले. पुढच्या एप्रिलमध्ये सेनिओ नदीवर नामदेव जाधवांनी जखमी साथीदारांना गोळीबारातून बाहेर काढलं. दोघेही मराठा लाइट इन्फंट्रीचे, दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक. आजोबांना सांगितलं तर त्यांनी नावं वहीत लिहून घेतली, स्पेलिंग दोनदा विचारून. आपल्याकडे तरी ही नावं किती जणांना ठाऊक आहेत, हे मी मुद्दाम त्यांना सांगितलं नाही.

आणि सुरक्षेचं म्हणाल, तर त्यातही कुणी कुणाला शिकवायला नको. 2024 च्या ऑक्टोबरात चेन्नईच्या मरीनावर हवाई दलाच्या कसरती बघायला लोटलेल्या गर्दीत, उन्हात, पाच जण गेले तेव्हा माझ्या ऑफिसात भुवया उंचावल्या होत्या. 2015 ला इंग्लंडमध्येच शोरमला एअर शोमधलं हंटर जेट शेजारच्या हमरस्त्यावर कोसळलं, अकरा जण गेले, आणि त्यांतले बहुतेक शो बघायला आलेलेही नव्हते. त्यानंतर इथले नियम कडक झाले. आमच्या मैदानावरही प्रेक्षकांची दोरी इतकी मागे होती की लेक वैतागली. मी नाही वैतागलो.

परवा मावसभावाचा पुन्हा निरोप आला. रंगाबद्दल चकार शब्द नाही. "तुझ्या त्या म्हाताऱ्याला विचार, कार्बोरेटर कुठून आणतो? माझा गळतोय." मी क्लबच्या पत्त्यावर मेल केला. दोन दिवसांनी आजोबांचं उत्तर आलं, सोबत एका पुठ्ठ्याच्या खोक्याचा फोटो. कार्बोरेटर ते भारतातून मागवतात. खोक्यावर दिल्लीचा पत्ता होता. आणि खाली एक ओळ, की एक भोक जुळत नाही, कानशीने जरा वाढवावं लागतं, पण बाकी माल उत्तम आहे.

तो पत्ता मी नगरला पाठवून दिला.