पोटगी थकली म्हणून भेट अडवू नका

शनिवारी सकाळी दहाला बाबा घ्यायला येणार, असं ठरलेलं होतं. साडेनऊलाच लेकाने बूट घातले, पाठीला बॅग अडकवली आणि दाराजवळच्या स्टुलावर जाऊन बसला. बॅगेत एक जास्तीचा टीशर्ट आणि चित्रांची वही. खालचा एक दात हलायला लागला होता, तो बाबांना दाखवायचा होता, म्हणून सारखी जीभ तिथे जात होती. मी त्याला बूट काढायला सांगितलं. आज जायचं नाही म्हटलं. त्याने का, असं विचारलं नाही. बुटाची नाडी सोडवता सोडवता एवढंच म्हणाला, "बाबांनी पैसे दिले की मग जाऊ?"

सात वर्षांचा होता तो. "पैसे नाहीत तर मुलगाही नाही" हे मी आदल्या रात्री फोनवर बोलले होते, तो झोपलाय असं समजून.

हे सगळं आज लिहायला बसले, कारण गेल्या आठवड्यात दोन वेगवेगळ्या माणसांनी मला जवळजवळ एकच प्रश्न विचारला. एका मैत्रिणीने विचारलं, "तो पोटगी देत नाही, मग मी मुलीला का पाठवू?" आणि एका जुन्या सहकाऱ्याने विचारलं, "ती मुलाला भेटू देत नाही, मग मी पैसे का भरू?" दोघंही चांगली माणसं आहेत. दोघांच्याही अंगावर खूप काही येऊन गेलंय. तरी दोघांनाही मी तेच सांगितलं. हे दोन हिशेब एकमेकांत घालू नका. पोटगी मुलाची आहे आणि भेटही मुलाचीच आहे. आपलं जे देणंघेणं असेल ते आपण वेगळं भांडू.

तेव्हा माझ्या वकीलबाईंनीही हेच सुनावलं होतं. तीन महिन्यांची पोटगी थकली होती, फीची तारीख डोक्यावर होती आणि मी रागाने फणफणत त्यांच्यासमोर बसले होते. त्या म्हणाल्या, "थकबाकीच्या वसुलीचा अर्ज आजच टाकू. भेट मात्र चालू ठेवा. भेटीचा आदेश तुम्ही मोडलात तर चूक त्यांची राहणार नाही, तुमची होईल." बहुतेक देशांतली कौटुंबिक न्यायालयं या दोन गोष्टी वेगळ्याच धरतात. पैसे थकले तर त्याची वसुली होते, भेट अडवली तर त्यावर वेगळा अर्ज होतो. एकाने आदेश मोडला म्हणून दुसऱ्याला तो मोडायची मुभा मिळत नाही.

मूल ज्याच्या हाती त्याची सत्ता, ही समजूत फार जुनी आहे आणि एके काळी ती कायद्यातच होती. इंग्लंडमध्ये 1836 मध्ये कॅरोलाइन नॉर्टन या लेखिकेची तिन्ही मुलं नवऱ्याने तिच्यापासून तोडली. मुलं कायद्याने बापाची, त्यामुळे तिला कोर्टात मागायलाही जागा नव्हती. ती लिहीत राहिली, खासदारांच्या मागे लागली, आणि 1839 मध्ये कायदा झाला. सात वर्षांखालच्या मुलांचा ताबा आणि त्याहून मोठ्यांची भेट आईला कोर्टाकडे मागता येऊ लागली. पण नवऱ्याने मुलं स्कॉटलंडला नेलेली होती आणि तिथे तो कायदा लागूच नव्हता. 1842 मध्ये धाकटा मुलगा घोड्यावरून पडला आणि ती जखम चिघळून गेला. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुढे वाचवेना.

तिथून कायदा खूप पुढे आलाय. 1989 च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात नववं कलम म्हणतं की आईवडिलांपासून किंवा त्यांच्यातल्या एकापासून वेगळं झालेल्या मुलाला दोघांशीही नियमित आणि थेट संबंध ठेवण्याचा हक्क आहे, त्याच्या हिताला बाध येत नसेल तर. त्याच कराराचं सत्ताविसावं कलम मुलाच्या पालनपोषणाचा खर्च पालकांकडून वसूल करायची जबाबदारी सरकारांवर टाकतं. हक्क दोन, हक्कदार एकच. मी त्या शनिवारी एक हक्क वसूल करण्यासाठी दुसरा तारण ठेवत होते.

आता पैशाबद्दल, कारण "पैशासाठी काय भांडता" असं म्हणणाऱ्यांचाही मला राग येतो. मुलाचा पाय तारखेची वाट बघून वाढत नाही. बूट आखूड झाले की नवे लागतातच, ताप आला की डॉक्टर लागतोच. पोटगी ही कोणाची मेहेरबानी नव्हे. रक्कम ठरवायच्या पद्धती निरनिराळ्या आहेत. काही ठिकाणी देणाऱ्याच्या उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा धरतात. काही ठिकाणी दोघांचं उत्पन्न एकत्र करतात, एकाच घरात असते तर मुलावर किती खर्च झाला असता ते काढतात आणि कमाईच्या प्रमाणात वाटून देतात. बऱ्याच ठिकाणी मूल कोणाकडे किती रात्री राहतं हेही मोजतात. इथे भेट आणि पैसे एकमेकांना शिवतात, हे मला मान्य आहे. दोन घरांत मूल राहणार तर खर्चही दोन घरांत होणार. पण हे गणित आदेश होताना एकदा करायचं असतं. दर शनिवारी दारात उभं राहून करायचं नसतं.

वसुलीचे मार्ग आहेत आणि ते वापरायला लाजू नका. पगारातून परस्पर कपात हा सगळ्यात उपयोगी, कारण मग दर महिन्याला मागावं लागत नाही आणि मुलाला "बाबांना विचार पैसे कधी देणार" असा निरोप न्यावा लागत नाही. जर्मनीत आणि स्वीडनमध्ये पोटगी थकली तर सरकार मुलासाठी ठरावीक रक्कम आधी देतं आणि मग ती त्या पालकाकडून वसूल करतं. हे सगळीकडे असायला हवं, असं मला मनापासून वाटतं. रिकाम्या हाताने महिना काढणाऱ्या बाईला "भेट अडवू नको" सांगणं सोपं नाही, हे मला ठाऊक आहे. मी त्या जागी होते.

सहकाऱ्यालाही तेच सांगितलं. भेट नाकारली गेली की त्या दिवसाची नोंद ठेवा, मेसेज जपून ठेवा, कोर्टाकडे बुडालेल्या भेटी भरून मागा, गरज पडली तर आदेशच बदलून मागा. पण पैसे थांबवू नका. पैसे थांबले की आईचा अहंकार उपाशी राहत नाही, मुलाचा क्लास बंद होतो.

एक गोष्ट मात्र यातून पूर्ण वेगळी काढते. मारहाण, व्यसनातली बेभान अवस्था, मुलाला धोका, हे असेल तर वरचं काहीही तुमच्यासाठी नाही. तिथे आधी मुलाची सुरक्षितता, आणि लगेच कोर्टात जाऊन देखरेखीखालची भेट किंवा भेटीला स्थगिती मागा. "मुलाला दोघंही हवेत" हे वाक्य अशा घरांत फार क्रूरपणे वापरलं जातं. ऑस्ट्रेलियाने 2006 मध्ये कायद्यात दोन्ही पालकांची जबाबदारी समान असं गृहीतक घातलं. अनेकांनी त्याचा अर्थ मुलाचा वेळ अर्धा अर्धा असा घेतला, आणि धोका असलेल्या घरांतल्या आयांवरही तडजोडीचं दडपण आलं. मे 2024 पासून ते गृहीतक काढून टाकलंय. म्हणून मी कुठलंही सूत्र सगळ्यांना लावत नाही. पण थकलेला हप्ता म्हणजे धोका नव्हे, एवढं स्वतःशी प्रामाणिक राहून ठरवता येतं.

त्या शनिवारी दुपारी मीच फोन केला. चार वाजता त्याचे बाबा येऊन त्याला घेऊन गेले. आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही. थकबाकी पुढे आठ महिन्यांनी, तीही तुकड्यातुकड्यांत मिळाली.

रविवारी संध्याकाळी लेक परत आला तो तोंड घट्ट मिटून. बॅगेतून कंपास काढली, तिच्यातून कागदाची एक पुडी काढून माझ्या हातावर ठेवली. दात होता. म्हणाला, "बाबांकडे पडला. त्यांनीच बांधून दिला, आईला दाखव म्हणाले."