जोशुआ बेल आणि ‘आपण सगळे बहिरे’ असल्याचा निकाल

दर काही महिन्यांनी तो मेसेज नव्याने फिरू लागतो. वॉशिंग्टनच्या मेट्रो स्टेशनवर थंडीच्या सकाळी एक माणूस व्हायोलिन घेऊन उभा राहिला. पाऊण तासात त्याने थोर जर्मन संगीतकार बाखच्या सहा रचना वाजवल्या. समोरून 2,000 लोक गेले, 6 जण थांबले, 32 डॉलर जमले. कुणी ओळखलं नाही, कुणी टाळी वाजवली नाही. तो होता जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक जोशुआ बेल, आणि हातात होतं 35 लाख डॉलरचं व्हायोलिन. शेवटी ठरलेला डोस: इतकं सौंदर्य आपल्याला कळत नसेल, तर आयुष्यात आणखी काय काय निसटत असेल?

प्रसंग खरा आहे. तपशील अर्धेकच्चे आहेत, आणि निष्कर्ष तर ओढूनताणून काढलेला.

किरकोळ चुका आधी उरकू. तारीख 12 जानेवारी 2007, स्टेशन लाँफाँ प्लाझा, वेळ सकाळी 7.51 पासून 43 मिनिटं. प्रयोग ‘वॉशिंग्टन पोस्ट’ या वृत्तपत्राचा होता. त्यांनी छुप्या कॅमेऱ्याने चित्रण केलं आणि त्यावर लेख छापला. त्यांच्या मोजणीनुसार 1,097 माणसं गेली, 7 जण मिनिटभर तरी थांबले, 27 जणांनी पैसे टाकले आणि जमा झाले 32 डॉलर 17 सेंट. सगळं काही बाखचं नव्हतं. शुबर्टचं ‘आव्हे मारिया’ होतं, मेक्सिकोच्या पॉन्सेचं ‘एस्त्रेयिता’ही होतं. 1,097 चे 2,000 कुणी केले देव जाणे, पण फॉरवर्डमध्ये आकडे वाढतच जातात.

‘कुणीही ओळखलं नाही.’ हे धादांत चूक. एका बाईने तीनच आठवड्यांपूर्वी बेलला लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये ऐकलं होतं. ती शेवटपर्यंत थांबली आणि तिने 20 डॉलर दिले. ओळखून दिलेले म्हणून ते वरच्या बेरजेत धरलेलेच नाहीत. टपाल खात्यातला एक पर्यवेक्षक नऊ मिनिटं उभा राहिला. तरुणपणी त्याला स्वतःलाच मैफलीचा वादक व्हायचं होतं. त्याने चेहरा ओळखला नाही, हात मात्र बरोबर ओळखला.

‘35 लाखांचं व्हायोलिन, तरी कुणाच्या कानाला कळलं नाही.’ या मुद्द्यावर थोडं रेंगाळायला हवं, कारण याच व्हायोलिनचा इतिहास फॉरवर्ड लिहिणाऱ्याला माहीत असता तर हे वाक्य त्याने खोडलं असतं. 1713 चं हे स्ट्रॅडिव्हेरियस, म्हणजे इटलीच्या नामांकित कारागीर स्ट्रॅडिव्हरीने घडवलेलं व्हायोलिन, 1936 मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधून चोरीला गेलं. मालक ब्रॉनिस्लाव्ह ह्युबरमान तेव्हा रंगमंचावर दुसरं व्हायोलिन वाजवत होते. चोरीचा माल ज्युलियन आल्टमन या वादकाकडे होता. ओळखू येऊ नये म्हणून त्यावर बूटपॉलिश फासलेलं. 1985 मध्ये मरणाच्या दारात असताना त्याने बायकोला सांगितलं, तेव्हा कुठे उलगडा झाला. म्हणजे जवळपास पन्नास वर्षं हा माणूस ते वाजवत होता, वॉशिंग्टनच्या नॅशनल सिम्फनी ऑर्केस्ट्रातसुद्धा. शेजारी बसणाऱ्या व्यावसायिक वादकांना शंका आली नाही, आणि ऑफिस गाठणाऱ्या कारकुनाने चालता चालता स्ट्रॅडिव्हेरियस ओळखावं, ही अपेक्षा! 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 21 व्हायोलिनवादकांना डोळ्यांवर काळे गॉगल लावून जुनी-नवी वाद्यं वाजवायला दिली होती. सर्वांत जास्त पसंती मिळाली ती एका नव्या वाद्याला, आणि सर्वांत कमी एका स्ट्रॅडिव्हेरियसला. किंमत कानाला ऐकू येत नसते.

‘लोकांना सौंदर्याची कदरच नाही.’ बेलने सुरुवात केली बाखच्या शाकॉनने. ही साधारण 14 मिनिटांची रचना आहे. स्वरांची एक छोटीशी साखळी पुन्हा पुन्हा फिरते, दर फेरीला रूप पालटते, आणि त्या सगळ्या फेऱ्या मनात साठल्या की मग ती अंगावर येते. सरकत्या जिन्यावरून उतरून दाराकडे जाणाऱ्या माणसाच्या वाट्याला त्यातले किती सेकंद येणार? शिवाय सकाळी आठची वेळ, आणि बहुतेक सगळे सरकारी नोकरदार.

आणि सभागृहातला बेल तरी एकटा कुठे असतो? वयाच्या 14 व्या वर्षी तो कंडक्टर रिकार्दो मुतींच्या हाताखाली फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राबरोबर वाजला. तेव्हापासून त्याच्या प्रत्येक स्वराआधी तिकीट काढून, फोन बंद करून, गप्प बसलेले लोक असतात. स्टेशनवर ते नव्हते. पहिली रचना संपली आणि काहीच झालं नाही. मग त्याने चाचपडत एक छोटासा कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) छेडला आणि पुढची रचना घेतली. तिकीट काढून आलेल्यांपुढे आपण आधीच मान्य झालेलो असतो, असं त्यानेच नंतर सांगितलं. 50 लाख डॉलरचं चित्र फ्रेममधून काढून रेस्टॉरंटच्या भिंतीवर टांगलं तर कुणी ढुंकून बघणार नाही, असं नॅशनल गॅलरी या कलासंग्रहालयातल्या तज्ज्ञाचं मत ‘पोस्ट’च्या मूळ लेखातच आहे. जीन वाइनगार्टन यांच्या या लेखाला पत्रकारितेचं 2008 चं पुलित्झर पारितोषिक मिळालं. फॉरवर्ड बनवताना नेमका तोच भाग गाळला.

एक गोष्ट मात्र कबूल. कंडक्टर लिओनार्ड स्लॅटकिन यांचा अंदाज होता की हजारांत 75 ते 100 जण थांबतील आणि 150 डॉलर जमतील. त्या हिशेबाने 7 हा आकडा खरोखरच कमी आहे. काही मेसेजमध्ये येणारा लहान मुलांबद्दलचा भागही खरा आहे. प्रत्येक मूल थांबू बघत होतं आणि प्रत्येक वेळी आईबाप ओढून नेत होते. पण त्यातल्या एका आईला मुलाला शिक्षकांकडे सोडून स्वतःच्या वर्गाला पोहोचायचं होतं. तिला बाख कळत नाही, हे त्यावरून ठरत नाही.

30 सप्टेंबर 2014 ला बेल पुन्हा वॉशिंग्टनच्याच एका स्टेशनवर, युनियन स्टेशनवर, तरुण वादकांना घेऊन वाजवायला उभा राहिला. ऐकायला तुडुंब गर्दी झाली. या खेपेला वेळ दुपारची होती, आणि कार्यक्रम आधी जाहीर केला होता.